जी पाच गाणी फुटली नाहीत

हे प्रकरण एका पॉप गायिकेच्या नऊ अप्रकाशित गाण्यांचं आहे. गायिका कोण, तिच्याबरोबर काम करणारे कोण, गाण्यांची नावं काय, हे सगळं झाकलेलं आहे. ओळख पटेल असे काही तपशील मुद्दाम बदललेही आहेत. गाणी कुठून फुटली याचा माग काढणाऱ्या चाहत्यांच्या गटात मी होते, त्यामुळे हे तटस्थ माणसाचं टिपण नाही. यातल्या ज्या चुकीवर मी सगळ्यात जास्त लिहिलंय, ती माझ्या हातून झालेली आहे.

पार्श्वभूमी

आमचा गट चाळीसेक जणांचा. उद्योग एकच, गायिकेच्या न आलेल्या गाण्यांची नोंद ठेवणं. त्यासाठी एक शीट होती आणि ती मी सांभाळत होते. एका ओळीत एक गाणं. रकाने असे: नाव (बहुतेक वेळा आम्हीच ठेवलेलं), पहिल्यांदा कुठे ऐकू आलं, किती सेकंद ऐकलंय, श्रेय कुणाचं, सध्याची स्थिती.

माहिती सगळी उघड्यावरची. स्टुडिओतल्या एखाद्या व्हिडिओत मागे वाजणारे आठ सेकंद, मैफलीत एकदाच गायलेला अंतरा, आणि हक्क सांभाळणाऱ्या संस्थांच्या याद्या. या याद्यांचं बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. गीतकार-संगीतकार आपलं काम अशा संस्थेकडे नोंदवतात, कधीकधी गाणं बाजारात यायच्या कितीतरी आधी. अमेरिकेतल्या अ‍ॅस्कॅप आणि बीएमआय या संस्थांच्या याद्या कुणालाही शोधता येतात. तिथे गाणं ऐकायला मिळत नाही, पण त्याचं नाव आणि लिहिणाऱ्यांची नावं दिसतात. आमच्यासारख्यांना तेवढं पुरतं.

नव्या अल्बमच्या वेळी शीटमध्ये चौदा गाणी होती.

या छंदाला चिकटूनच एक बाजार आहे. कुणाकडे तरी चोरलेलं गाणं असतं, तो त्यातले वीस सेकंद ऐकवतो आणि भाव सांगतो. मग चाहते वर्गणी काढतात. पुरेसे पैसे जमले की गाणं हाती येतं. हे पोरखेळातलं वाटेल, पण रकमा तशा नसतात. अमेरिकी रॅपर एमिनेमच्या अप्रकाशित गाण्यांच्या प्रकरणात २०२५ साली त्याच्या स्टुडिओतल्या एका माजी ध्वनितंत्रज्ञावर अमेरिकेत आरोप ठेवले गेले. त्यात एका खरेदीदाराने इतर चाहत्यांबरोबर पैसे जमवून बिटकॉइनमध्ये सुमारे ५०,००० डॉलर मोजल्याचं समोर आलं.

आमच्या गटात नियम होता, वर्गणीत पडायचं नाही. नियम तोंडी होता. आमच्यातले सहा जण पडले होते, हे फार उशिरा कळलं.

काय झालं

दोन आठवडे एक विक्रेता तीन गाण्यांचे तुकडे ऐकवत फिरत होता. हे खरं नसेलच, असं आमच्यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं. २०२३ मध्ये अमेरिकी गायक फ्रँक ओशनच्या आवाजातली एआयने बनवलेली बनावट गाणी खरी म्हणून चाहत्यांना विकली गेली होती, त्यामुळे तेव्हापासून प्रत्येक तुकड्यावर ही शंका निघतेच. मग एका मंगळवारी रात्री नऊ गाण्यांची झिप सगळीकडे एकदम फिरू लागली. कुणाचं तरी पैशांवरून बिनसलं आणि त्याने रागाने सगळंच मोकळं केलं, एवढं कळलं. अल्बमचा शुक्रवार सहा आठवड्यांवर होता. (२०१५ च्या जुलैपासून जगभर नवं संगीत शुक्रवारीच येतं. पेपर फुटावा तसं त्याआधी काही बाहेर आलं की सगळं वेळापत्रक कोसळतं.)

समोरचे पर्याय

त्या रात्री गटात दोन-अडीच तास बोलणं चाललं. पहिला मार्ग म्हणजे हात न लावणं आणि दुवे दिसतील तिथे तक्रार करत राहणं. दुसरा, झिप जपून ठेवायची पण तोंड बंद. तिसरा, माग काढायचा. तिसरा निवडला गेला. खरं सांगायचं तर निवडला वगैरे काही नाही. आमच्यातला एक जण रेकॉर्डिंगचं शिक्षण घेतो, त्याने बोलणं संपायच्या आत फाइली उघडलेल्या होत्या.

तपासासाठी म्हणून सगळ्यांनी गाणी ऐकली. मीही ऐकली. चौथं तीनदा.

एक पर्याय कुणाच्या तोंडीच आला नाही. आमची शीट कुणालाही बघता येत होती. बदल करायची मुभा आम्हा तिघांनाच, पण वाचायला सगळ्यांना खुली. तपास सुरू करताना ती बंद करावी, हे चाळीस डोक्यांपैकी एकालाही सुचलं नाही.

माग: फाइलींपासून सुरुवात

नऊपैकी सात एमपी३ (आवाज दाबून लहान केलेल्या फाइली), दोन वेव्ह (न दाबलेल्या). एमपी३वर सेकंदाला ३२० किलोबिट असं लिहिलेलं, म्हणजे वरच्या दर्जाच्या. रेकॉर्डिंगवाल्याने त्यांचे स्पेक्ट्रोग्राम काढले. त्यात आडवा वेळ, उभी आवाजाची वारंवारता, आणि जिथे आवाज आहे तिथे रंग. सातही चित्रांत १६ किलोहर्ट्झच्या वर सगळं काळं. पट्टी लावून कापल्यासारखी सरळ रेघ. अस्सल ३२० च्या फाइलमध्ये साधारण २० पर्यंत रंग दिसतो. १६ ला कापलेली फाइल बहुतेक वेळा मूळची १२८ ची असते. झेरॉक्सची झेरॉक्स मोठ्या कागदावर काढली म्हणून अक्षरं सुधारत नाहीत, तसंच हे. कुणीतरी १२८ च्या फाइली फुगवून ३२० च्या केल्या होत्या, बहुधा भाव वाढावा म्हणून.

याचा उपयोग मोठा होता. १२८ ची फाइल म्हणजे मेलवर किंवा फोनवर "पटकन ऐक" म्हणून पाठवायची चीज. मास्टरिंगला (प्रसिद्धीआधी गाण्यावर होणारं शेवटचं काम), छपाईला किंवा वितरणाला असली फाइल जात नाही. म्हणजे गळती साखळीच्या शेवटच्या टोकाला नव्हती, सुरुवातीला कुठेतरी होती.

वेव्ह फाइलींनी आणखी थोडं सांगितलं. ब्रॉडकास्ट वेव्ह प्रकारच्या फाइलींच्या पोटात माहितीचा एक छोटा कप्पा असतो. फाइल कुठल्या सॉफ्टवेअरने तयार केली, कुठल्या तारखेला, किती वाजता, असं त्यात लिहिलेलं असतं. विक्रेत्याने वरचं नाव बदललं होतं, हा कप्पा तसाच राहिला होता. दोन्ही तारखा वर्षभरापूर्वीच्या, एकाच आठवड्यातल्या.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे आम्ही सुतावरून स्वर्ग गाठला. दोन्ही वेव्ह ४८ किलोहर्ट्झच्या होत्या. (हा आकडा वरच्या १६ पेक्षा वेगळा, सेकंदाला किती हजार वेळा आवाजाची नोंद घेतली त्याचा.) गायिकेच्या आधीच्या गाण्यांचे वेगवेगळे ट्रॅक रीमिक्ससाठी प्रसिद्ध झाले होते, ते सगळे ४४.१ चे. ४८ हा आकडा व्हिडिओच्या कामात चालतो. आणि नेमक्या याच दोन गाण्यांचे व्हिडिओ चित्रित झाल्याची कुणकुण होती! रात्री दोन वाजता हे जुळलं तेव्हा गटात जल्लोष झाला. व्हिडिओच्या संकलनातून फुटलं, असं आम्ही जवळजवळ ठरवूनच टाकलं.

ते साफ चुकीचं होतं. सहगीतकारांपैकी एक जण घरच्या घरी कच्चं रेकॉर्डिंग करते आणि तिचं सॉफ्टवेअर ४८ वरच लावलेलं असतं, हे पुढे तिच्याच बोलण्यातून कळलं. व्हिडिओचा संबंध शून्य. आकडा खरा होता. त्यामागची गोष्ट आम्ही रचली होती.

चूक

गुरुवारी मी शीटमध्ये एक रकाना वाढवला: "उगम". कोण काय म्हणतंय ते एका ठिकाणी राहावं, एवढाच हेतू. पाच-सहा अंदाज नोंदवले. त्यातला एक होता "मिक्सिंग?", म्हणजे रेकॉर्ड केलेले वेगवेगळे आवाज एकत्र जुळवतात तो टप्पा.

शुक्रवारी सकाळी त्या शीटचा फोटो फिरत होता. कुणीतरी तो असा कापला होता की फक्त "मिक्सिंग" दिसावं. प्रश्नचिन्ह कडेला गेलं होतं. शेजारी मिक्सिंगच्या एका सहायकाचा जुना फोटो चिकटवलेला. काही महिन्यांपूर्वी त्याने कामाच्या टेबलाचा फोटो टाकला होता आणि मागच्या पडद्यावर फाइलींची नावं दिसत होती. एवढा पुरावा लोकांना पुरला. दुपारपर्यंत त्याच्या नावाने शिव्या, संध्याकाळी धमक्या, रात्री त्याच्या बहिणीच्या खात्यापर्यंत लोक पोचलेले.

शनिवारी सकाळी आमच्याकडे त्याच्या बाजूने दोन गोष्टी होत्या. त्याच फोटोतला पडदा मोठा करून पाहिला तर फाइलींच्या नावाशेवटी "व्ही९", म्हणजे नववी आवृत्ती, होतं. फुटलेल्या दोन गाण्यांच्या मूळ नावाचे अवशेष फाइलींच्या टॅगमध्ये राहिले होते, तिथे "व्ही७". दुसरी गोष्ट जास्त वजनदार. फुटलेल्या एका गाण्यात दुसरा अंतरा जुना होता. गायिकेने मैफलीत हे गाणं एकदा गायलं तेव्हा अंतरा बदललेला होता, आणि ती मैफल मिक्सिंग सुरू व्हायच्या आधीची. म्हणजे मिक्सिंगच्या टेबलावर जुना अंतरा जायचं काही कारणच नव्हतं. कारण नव्हतं म्हणजे गेलाच नाही असं सिद्ध होत नाही, हे खरं. पण त्या मुलाविरुद्ध होतं त्यापेक्षा हे कितीतरी भक्कम होतं.

आम्ही सोमवारपर्यंत गप्प बसलो.

या गप्प बसण्याचं कारण मी खूप वेळा स्वतःला विचारलंय. वर वर पाहता उत्तर सभ्य होतं: खात्री झाल्याशिवाय बोलायचं नाही. पण संशय उघड मांडताना खात्रीची गरज आम्हाला वाटली नव्हती, आणि संशय मागे घेताना मात्र शंभर टक्के पुरावा हवा होता. शिवाय एक भीतीही होती. आता बोललो तर तो रकाना आमचाच, हे मान्य करावं लागणार. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे दोर आमच्या घरचा होता.

नऊ आणि पाच

खरा धागा तांत्रिक नव्हताच. आमच्यातली एक मुलगी कायद्याचं शिकते. ती फाइलींकडे ढुंकूनही बघत नव्हती. रविवारी ती म्हणाली, "तुम्ही सगळे फुटलेल्या गाण्यांकडे बघताय. न फुटलेली बघा ना."

शीटमध्ये चौदा, फुटली नऊ, उरली पाच. त्या पाचांत एक असं होतं की ज्याची चाहत्यांना सगळ्यात जास्त आस होती. विक्रेत्याकडे ते असतं तर त्याने आधी तेच विकलं असतं. म्हणजे त्याच्याकडे ते नव्हतंच. मग नोंदींच्या याद्या काढून श्रेयं शेजारी शेजारी मांडली. नऊही गाण्यांत समान असं, गायिका सोडून, एकच नाव निघालं: ती घरी रेकॉर्डिंग करणारी सहगीतकार. उरलेल्या पाचांत ती कुठेच नाही. निर्माते बदलत होते, वादक बदलत होते, स्टुडिओ बदलत होते. हे एकच नाव तेवढं नऊ आणि पाच यांच्यामधल्या रेघेवर चपखल बसत होतं.

चार दिवस स्पेक्ट्रोग्राम बघून जे कळलं नाही, ते साध्या वजाबाकीने वीस मिनिटांत कळलं.

दुसरा निर्णय, यावेळी जपून

आता सापळा आणखी मोठा होता. हे नाव बाहेर गेलं असतं तर सहायकाचं झालं तेच या बाईचं झालं असतं, आणि यावेळी पुरावा पटण्यासारखा होता.

गटात दोन तट पडले. एकाचं म्हणणं, तिनेच विकलं असणार. दुसऱ्याचं, तिच्याकडून चोरलं असणार. आधीची उदाहरणं दोन्हीकडे होती. एमिनेमच्या प्रकरणातला आरोप आतल्याच माणसावर. उलट मॅडोनाची डिसेंबर २०१४ मध्ये फुटलेली गाणी बाहेरच्या माणसाने संगणकांत घुसून पळवली होती. त्याला इस्राएलमध्ये अटक झाली आणि २०१५ मध्ये १४ महिन्यांची शिक्षा झाली. इंग्लंडमध्ये २०२२ साली एका तरुणाला १८ महिन्यांचा तुरुंगवास झाला, त्यानेही कलाकारांची ऑनलाइन खाती फोडूनच गायक एड शीरनची दोन आणि रॅपर लिल उझी व्हर्टची बारा गाणी क्रिप्टोचलनात विकली होती. त्यातून त्याने सुमारे १,३१,००० पौंड कमावले.

फाइल कुणापाशी होती आणि फाइल कुणी काढली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आमच्या हातात पहिल्याचंच उत्तर होतं. दुसऱ्याचं उत्तर मिळवायला खात्यांच्या लॉगिनच्या नोंदी लागतात, आणि त्या चाहत्यांकडे नसतात, नसाव्यातही.

गायिकेच्या व्यवस्थापनाला मेल लिहायचं ठरलं. मजकुरावर तासभर वाद झाला.

"तिचं नाव लिहायचं नाही," कायदेवाली म्हणाली.

"अगं मग त्यांना कळणार कसं?"

"श्रेयं त्यांना तोंडपाठ आहेत. ही नऊ आली, ही पाच आली नाहीत, आणि फाइली सुरुवातीच्या टप्प्यातल्या दिसतात. एवढंच लिही."

तेवढंच लिहिलं. खाली फाइलींच्या तारखा, "व्ही७"ची नोंद आणि जुन्या अंतऱ्याचा मुद्दा. विक्रेत्याची खाती कोणकोणत्या नावांनी फिरतात तेही दिलं. त्याच दिवशी, म्हणजे सोमवारी, शीट बंद केली आणि सहायकाविषयी उघड निवेदन टाकलं: त्याच्याविरुद्ध आमच्याकडे काहीही नाही, तो रकाना आमचा होता, तो अंदाज होता, आणि आत्ता जे दिसतंय ते त्याच्या उलट आहे.

निवेदन कापलेल्या फोटोच्या मानाने फारच थोड्या लोकांनी वाचलं.

निष्पत्ती

व्यवस्थापनाचं उत्तर दहा दिवसांनी आलं, दोन ओळींचं. मिळालं, धन्यवाद, पोलिसांकडे दिलं आहे. पुढे त्यांनी जाहीर केलं की एका सहकाऱ्याच्या जुन्या मेल खात्यात कुणीतरी शिरलं होतं. पासवर्ड अनेक वर्षं तोच, आणि दुसऱ्याच कुठल्या सेवेतून चोरीला गेलेल्या यादीत तो होता. जुन्या मेलांमध्ये फाइलींचे दुवे पडून होते, मुदत न घातलेले. नाव त्यांनीही घेतलं नाही.

विक्रेता कोण ते आम्हाला कळलेलं नाही.

अल्बम ठरल्यापेक्षा तीन आठवडे आधी आला. असं करणारी ही पहिली गायिका नव्हे. मॅडोनानेही फुटलेल्या गाण्यांनंतर सहा गाणी २० डिसेंबर २०१४ ला तडकाफडकी अधिकृतपणे काढली होती. रेडिओहेड या ब्रिटिश बँडने २०१९ मध्ये त्याहून वेगळी चाल खेळली: जुन्या रेकॉर्डिंगचे फुटलेले १८ तास त्यांनी स्वतःच विक्रीला ठेवले आणि उत्पन्न पर्यावरणाच्या चळवळीला दिलं. आमच्या गायिकेच्या बाबतीत फुटलेल्या नऊपैकी सहा गाणी अल्बमात आली, तीन कायमची गेली. मी तीनदा ऐकलेलं चौथं गाणं त्या तिघांत आहे. ते प्रसिद्ध का झालं नाही हे मला ठाऊक नाही, पण ऐकल्याचा मला आनंद होत नाही.

सहायकाने सगळी खाती बंद केली. त्याच्या एका सहकाऱ्यामार्फत मी त्याला माफीचं पत्र पाठवलं. महिन्याभराने उत्तर आलं, एकच वाक्य: "मूळ शीट मी पाहिली होती, प्रश्नचिन्हासकट."

वेगळं काय करता आलं असतं

उगमाचा रकाना नसता तर बरं झालं असतं, असं म्हणणं सोपं आहे. मला ते पुरेसं वाटत नाही. अंदाज कुठेतरी मांडावेच लागतात, त्याशिवाय वजाबाकीपर्यंत पोचलो नसतो. फक्त ते मंगळवारी रात्रीच बंद दारामागे जायला हवे होते. आणि रकान्यात "मिक्सिंग" असा माणसांचा विभाग लिहिण्याऐवजी "जुना अंतरा असलेली आवृत्ती" असा फाइलीचा टप्पा लिहिला असता, तर कापून फिरवायला कुणाला चेहराच मिळाला नसता.

शनिवारचं मौन मात्र कशातच बसत नाही. दोन दिवस उशीर म्हणजे त्या मुलासाठी दोन रात्री. अर्धवट माहितीवरही "हा नव्हे असं दिसतंय" एवढं त्याच क्षणी म्हणता आलं असतं. कुणावर बोट दाखवायला जेवढा पुरावा लागतो, त्याहून कमी पुराव्यावर ते खाली घेता यायला हवं. आम्ही नेमकं उलटं केलं.

वर्गणीचा मुद्दा गटात अजून मिटलेला नाही. त्या सहा जणांनी एकूण किती पैसे दिले ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांचं म्हणणं, गाणं आधीच चोरलं गेलेलं होतं, आम्ही फक्त ते अडकू दिलं नाही. मला हे पटत नाही. विक्रेता पहिले दोन आठवडे तुकडे ऐकवत फिरला तो गिऱ्हाईक होतं म्हणूनच, आणि ज्या पैशांवरून त्याचं बिनसलं त्यात या सहांचे होते की नव्हते, हे आम्ही तपासलंच नाही. चाळीस जणांनी मिळून बाकी सगळ्यांच्या फाइली उघडून पाहिल्या.

शीट आता आठ जणांना दिसते. "उगम" रकाना काढून टाकला आहे. न फुटलेल्या पाचांपैकी चार गाणी अल्बमात आली. पाचव्याच्या ओळीत नाव आणि श्रेय आहे, "किती सेकंद ऐकलंय" या चौकटीत अजून शून्य आहे.